गाळातला वाळा

समुद्रकाठच्या गावांत ओहोटीनंतर वाळूत जुने दागिने सापडतात, असे आपण वाचतो. आम्हा जालनेकरांना समुद्र नाही. आहे ती कुंडलिका. वर्षातले थोडेच दिवस ती नदीसारखी वाहते. पण वाहून आलेले, हातातून निसटलेले, कुणी मुद्दाम टाकलेले असे सारे काही ती आपल्या गाळात मुकाट्याने सांभाळून ठेवते. मस्तगडाजवळ पात्रातला गाळ काढण्याच्या कामावर माझे वडील होते. एके दिवशी पाटीतल्या चिखलात त्यांना एक काळे कडे सापडले. लिंबाएवढा घेर, तोंड उघडे, आणि दोन्ही टोकांना बारीक गाठी.

मस्तगडचा किल्ला १७२५ साली काबिल खानाने बांधला, हे आमच्या गल्लीत फारसे कुणाला ठाऊक नाही. पण गडाखाली धन पुरलेले आहे, हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक! त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्या कड्याचा हंडा झाला होता.

दुसऱ्या दिवशी वडील ते सराफाकडे घेऊन गेले. मीही गेले. त्याने कडे दगडावर घासले, आम्लाचा थेंब टाकला आणि काट्यावर ठेवले. ‘चांदी आहे, भेसळीची. मोडीत घेतो,’ एवढेच तो म्हणाला. त्याने सांगितलेली किंमत वडिलांच्या चारपाच दिवसांच्या मजुरीएवढी होती. त्या महिन्यात आमच्या घरी किराणा उधारीवर चालला होता. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ‘बाबा, दोन दिवस थांबा.’ ते काही बोलले नाहीत. कडे त्यांनी खिशात टाकले.

मला थांबायचे होते ते इतिहासाच्या तासाला ऐकलेल्या एका गोष्टीमुळे. प्रवरेकाठच्या नेवासे येथे १९५० नंतरच्या दशकात ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले. तिथे ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजामुळे मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचे तंतू तीन हजारांहून अधिक वर्षे टिकले होते. कुणी ते मणी चिंचेने घासून लख्ख केले असते तर दोरा गेला असता, आणि त्या काळी इथे सूत कातले जात होते याची साक्षही गेली असती. आमच्या घरी आईने चिंच भिजत घातलीच होती! ती मी आमटीत घालायला सांगितली.

मग कडे आजीच्या हातात दिले. आजीला अक्षरओळख नाही. तिने चष्मा न लावता, नुसत्या अंगठ्याने ते आतून चाचपले. म्हणाली, ‘लेकराचा वाळा हाय पोरी. आतून बघ कसा गुळगुळीत झालाय. अन् हितं दोनदा ताणलाय. लेकरू वाढत गेलं तसा मोठा केलाय. गरिबाघरचा हाय. श्रीमंतानं नवा केला असता.’

सराफाने धातू ओळखला होता. आजीने माणूस ओळखला. पुस्तकात वाचून मला इतके कळले की प्राणवायू न पोचणाऱ्या चिखलात गंधकाची संयुगे तयार होतात आणि त्यांनी चांदी काळी पडते. हिरवे ठिपके भेसळीतल्या तांब्याचे. पण ताणल्याची खूण कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती आजीच्या बोटांत होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाण्याआधी तिने आपले चांदीचे दंडकडे मोडीत दिले होते. मोडीत गेलेल्या दागिन्याचे काय होते ते तिला चांगले माहीत आहे. तो वितळतो आणि कुणाचाच राहत नाही.

वस्तू कुठे सापडली हे महत्त्वाचे का, ते दायमाबादमुळे कळते. १९७४ साली तिथे झाडाचे खोड खणताना एका शेतमजुराला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव कांस्यशिल्पे मिळाली. पण ती शास्त्रीय उत्खननात थरातून निघालेली नव्हती, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाला. उलट आमच्याच जिल्ह्यातल्या भोकरदनला, केळना नदीकाठी, १९७३ साली मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी थर पाहत खणले. तिथले मणी आणि हस्तिदंती मूर्ती यांमुळे सातवाहनकालीन भोगवर्धन नगरीचे जीवन कळू लागले. सांची आणि भरहूतच्या शिलालेखांत जिचे नाव येते तीच ही नगरी. म्हणजे मण्याची किंमत मण्यात थोडी, आणि तो ज्या मातीत होता तिच्यात जास्त.

आमचा वाळा काही सातवाहनांचा नव्हे. शंभर वर्षांचा असेल की साठ, हे त्याच्याकडे नुसते पाहून सांगता येत नाही. तरी १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मी अर्ज लिहिला. पात्राचा नकाशा काढला आणि वडिलांना विचारून जागेवर फुली मारली. किती हात खोल, कोणत्या बाजूला, वर वाळू होती की चिखल, हे सारे वडिलांनी बिनचूक सांगितले. आपल्या रोजच्या खणण्यातले कुणी असे विचारून लिहून घेते आहे, याचे त्यांना नवल वाटत होते. शेवटी ‘सापडणाऱ्याचे नाव’ या शब्दांपुढे त्यांनी सावकाश सही केली.

सही झाल्यावर ते म्हणाले, ‘उधारी पुढच्या महिन्यात फेडू.’

आमच्या घरात याआधी कागदावर सह्या झाल्या त्या कर्जाच्या आणि हजेरीच्या. इतिहासाच्या कागदावर ही पहिलीच.