पाचवी चिमणी

चि. नेल्सनस,



तुझा मेसेज मिळाला, स्लाइडही मिळाल्या. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला दृढीकरणाच्या वर्गापुढे सृष्टीत दिसणाऱ्या देवाच्या वैभवावर बोलायचं आहे आणि त्यासाठी मामाने चार मुद्दे लिहून द्यावेत, असं तुझं म्हणणं. ख्रिसमसपासून तू उंबराचं फूल झाला आहेस, तेव्हा या निमित्ताने का होईना आठवण काढलीस याचा मला खरोखर आनंद झाला. पण मुद्दे नंतर. त्या स्लाइड पाहिल्यापासून जीवाला चैन नाही, ते आधी सांगतो.

आल्प्सची शिखरं, नायगारा, कुठल्याशा परदेशी तळ्यावरचा सूर्यास्त आणि प्रत्येकावर सोनेरी अक्षरांत एक वचन. अरे, समोर बसणारी पोरं आपल्या वसईतल्या भुईगावची, गासची, नंदाखालची. त्यांनी आल्प्स पाहिलेला नाही, तूही पाहिलेला नाहीस. देवाचं वैभव पाहायला विमानाचं तिकीट काढावं लागतं असं एकदा त्यांच्या मनात बसलं, की ते काढणार कोण?

येशूने काय दाखवलं ते बघ. रानातली फुलं, मोहरीचा दाणा, अंजिराला फुटलेली पालवी, पंखांखाली पिल्लं घेणारी कोंबडी. ऐकणाऱ्याने मान वळवली की दिसावं, इतकं जवळचं. हर्मोनचा बर्फाळ डोंगर गालीलातून दिसतो, पण त्याच्यावर प्रभूचा एकही दाखला नाही. आणि चिमण्या! मत्तय सांगतो, दोन चिमण्या एका नाण्याला. लूक सांगतो, पाच चिमण्या दोन नाण्यांना. हिशेब कर. दोन नाण्यांना चार येतात. पाचवी विकणाऱ्याने वर टाकलेली, फुकटातली. बाजारात जिला किंमतच नाही, तिचाही देवाला विसर पडत नाही, असं तो म्हणतो. माझं ऐकशील तर सगळं व्याख्यान या पाचव्या चिमणीवर कर.

पौलानेही तेच केलं. अथेन्सच्या विद्वानांपुढे तो कवींचे दाखले देतो, पण लुस्त्र गावातल्या साध्या माणसांशी बोलताना पाऊस, पीकपाणी आणि पोटभर अन्न एवढंच पुढे ठेवतो. देवाने स्वतःविषयी साक्ष ठेवली आहे ती यातच, असं सांगतो. आपल्याकडचे फादर स्टीफन्स आठव. इंग्लंडचा माणूस १५७९ मध्ये गोव्यात उतरला, ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, १६१६ मध्ये ते राचोलला छापलं, आणि मराठीचं कौतुक करायची वेळ आली तेव्हा उपमेला इथलीच मोगरी घेतली.

आता तू विचारलेलं. एकोणिसाव्या स्तोत्राची पहिली सहाच वचनं तू स्लाइडवर घेतलीस आणि पुढचं गाळलंस. असं करू नकोस. सहा वचनांपर्यंत आकाश आहे, रात्र आहे, सूर्य आहे. सातव्यापासून स्तोत्रकर्ता एकदम देवाच्या नियमशास्त्राकडे वळतो आणि शेवटी आपल्या लपलेल्या दोषांची क्षमा मागतो. हे वळण मुलांना दाखव. निर्मिलेल्या वस्तूंवरून निर्माणकर्त्याची ओळख माणसाच्या बुद्धीला पटू शकते, हे आपल्या चर्चने १८७० च्या व्हॅटिकन परिषदेत ठामपणे सांगितलं आहे. पण आकाशाकडे कितीही पाहिलंस तरी तुझ्या पापांची क्षमा झाली हे आकाश सांगत नाही. त्यासाठी क्रूसापाशीच यावं लागतं. दोन्ही सांग. एक सांगून दुसरं सोडलंस तर पोरं अर्धंच घेऊन घरी जातील.

'सुनामीचं विचारलं तर काय सांगू?' हा तुझा प्रश्न मला आवडला. तुला भीती वाटते हेही बरं आहे. १ नोव्हेंबर १७५५, सकल संतांचा सण. लिस्बनमध्ये लोक मिस्साला जमलेले असताना भूकंप झाला, चर्च भाविकांच्या अंगावर कोसळली, मागून समुद्र आत शिरला, मग आग लागली. त्या दिवशी तिथे वैभव कुठे होतं, असं चौदा वर्षांच्या मुलीने विचारलं तर तिला गोड उत्तर देऊ नकोस. ईयोबालाही मिळालं नाही. पोरं गेली, अंगभर फोड, आणि देव वादळातून बोलतो ते काय? रानगाढव कुणी मोकळं सोडलं, डोंगरातली बकरी कधी विते, माणसाचं पाऊल न पडलेल्या ओसाड जागी पाऊस कोण पाडतो. ईयोबाच्या दुःखाचा त्यात एक शब्दही नाही. तारुण्यात मला हे फार कठोर वाटायचं. आता वाटतं, देव त्याला स्वतःच्या दुःखाबाहेरचं जग दाखवत होता, ज्यातलं पुष्कळसं माणसाच्या उपयोगाचं नाही आणि तरी देवाला प्रिय आहे. सृष्टी प्रसूतीच्या वेणा सोसत कण्हते आहे, असं पौल रोमकरांना लिहितो. मुलांना हेही ऐकू दे. कण्हणाऱ्या जगातच वैभव पाहायचं आहे, दुसरं जग आपल्यापाशी नाही.

म्हणून तर असिसीकर फ्रान्सिस मला इतका जवळचा. सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारं त्याचं गीत आपण बागेतल्या पुतळ्याखाली लिहितो. पण ते त्याने रचलं ते सान दामियानोत, १२२५ च्या सुमारास, डोळे जवळजवळ गेलेले असताना. उजेड सोसवत नव्हता आणि स्तुती सूर्याची! तीही लॅटिनमध्ये नाही, उंब्रियातल्या माणसांच्या बोलीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सृष्टीवरचं परिपत्रक लिहिलं तेव्हा त्याचं 'लाउदातो सी' हे नाव त्याच गीतातून घेतलं. त्या आंधळ्या माणसाची गोष्ट मुलांना सांगितलीस तर नायगाराच्या फोटोची गरज उरणार नाही.

आणि नावं शिकव रे त्यांना. आदामाला अगदी सुरुवातीला मिळालेल्या कामांपैकी एक होतं प्राण्यांना नावं देण्याचं. आपल्या मुंबईत सेंट झेवियर्सचं हर्बेरियम आहे, फादर ब्लॅटर या स्विस येशूसंघीयाच्या नावाचं. त्यांच्यानंतरचे स्पेनचे फादर सांतापाव खंडाळ्याच्या घाटात वर्षानुवर्षं गवत, वेली, कारवी गोळा करत हिंडले आणि १९५३ मध्ये त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. पुढे देशाच्या वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. वाळवलेल्या गवताच्या काडीला कागदावर चिकटवून खाली तिचं नाव, गाव, तारीख लिहिणं ही मला प्रार्थनाच वाटते. आपली मुलं मात्र मिस्साला जाताना वाटेतली चार झाडं ओळखत नाहीत. ज्याच्या हातचं काम पाहायलाही आपण थांबत नाही, त्याची स्तुती कसली करतो आपण?

उंबराचंच घे. त्याची फुलं फळाच्या पोटात असतात, बाहेरून दिसत नाहीत. चिलटाएवढी एक गांधीलमाशी बारीक भोकातून आत शिरते. शिरताना पंख तुटतात. आत फुलांवर पराग पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांतल्या नरांना पंखच नसतात. ते माद्यांसाठी बाहेरची वाट कोरतात आणि बहुतेक जन्मल्या फळातच संपतात. माद्या पराग घेऊन उडतात, दुसरं उंबर शोधतात. आयुष्य एखाद-दोन दिवसांचं. हे कुणीही पाहत नसताना युगानुयुगं चाललंय. शाळेत हे शिकवताना दरवेळी माझा आवाज बदलायचा आणि मुलं हसायची. हसू देत. शेजारी औदुंबराला दत्ताचं स्थान मानून हात जोडतात. आपण झाडाला हात जोडत नाही, पण ज्याने ते केलं त्याच्यासाठी त्यावर करवत चालवायचीही नसते.

करवत म्हटल्यावर आता ते लिहितोच. तुझ्या मेसेजची शेवटची ओळ मी मुद्दाम मागे ठेवली. 'बावखल भरून घेतोय, पुढच्या महिन्यात माती येईल.' वाडीतलं ते गोड्या पाण्याचं तळं बुजवायचं, हे इतक्या सहज लिहिलंस! तुझ्या वडिलांच्या वाडीत मामाने बोलू नये, हे मला कळतं. तरी बोलतो. त्या बावखलाच्या काठावरच्या रहाटाचं पाणी पिऊन केळी आणि पानवेली वाढल्या, त्यावर तुझी फी भरली गेली. पोहायला तू तिथेच शिकलास, तुझी आई काठावरून ओरडत असताना. पावसाचं पाणी तिथे थांबतं, मुरतं, म्हणून विहिरीला गोडं राहतं. समुद्र इतका जवळ असताना ते सोपं नाही. टँकरवाल्यांनी उपसा केला तेव्हा किती विहिरी खाऱ्या झाल्या, हे तू लहान होतास तरी ऐकलं आहेस. फादर दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले ते झाडांच्या हौसेपोटी नव्हे. देवाने दिलेल्या पाण्यावर दोन पैसेवाल्यांचा हक्क होतो, हे त्यांना धर्माविरुद्ध वाटलं. ते २०२४ मध्ये गेले. आता आपण बावखलं भरत सुटलो तर त्यांच्या मिस्साला जाऊन डोळे पुसले त्याचा अर्थ काय? २०१८ च्या जुलैत लोकल बंद पडल्या, वसई पाण्यात होती. पाण्याने जायचं कुठे, बाळा, त्याच्या जागा आपणच बुजवल्यावर?

डास होतात म्हणतोस. जलपर्णी काढ, प्लास्टिक काढ, गप्पी मासे सोड. चतुराची अळी डासांच्या अळ्या खाते, पण तिलाही मोकळं पाणी लागतं. काठावर खंड्या बसतो, पाणकोंबडी पिल्लं घेऊन फिरते. तुझ्या वर्गाला नुसतं व्याख्यान नकोच. त्यांना त्या काठावर उभं कर आणि काय काय दिसतं ते लिहायला सांग.

पण मला खरी काळजी वेगळीच लागली आहे. बावखल भरायचं तुझ्या मनातलं नाही, हे मी ओळखतो. घराचा हप्ता थकलाय का? ताईने फोनवर विषय बदलला, तेव्हाच मला शंका आली. सकाळची विरार फास्ट, रात्री दहाला घर, रविवारी वर्ग. तू झोपतोस कधी? डॉक्टरांनी प्रेशरची गोळी सांगितली होती, ती घेतोस ना? पैशांचं असेल तर स्पष्ट सांग. माझी पेन्शन आहे, खर्च तो काय. भाच्याने मामाला सांगू नये अशी ही गोष्ट नाही.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मी येतो. तोवर मातीवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नकोस, कुठल्या कागदावर सही करू नकोस. सांतापावांचं पुस्तक वर्गात दाखवायला घेऊन येतो, पण ते परत हवं.

ताईला नमस्कार, मुलींना पापा.

तुझा,
मामा

ता. क. गप्पी मासे महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे मिळतात का, ते उद्याच विचार. नाही मिळाले तर मी बरणीत घेऊन येतो.