दिवसभर उभ्या पायांसाठी

सुरतेतल्या उधन्यात पाय दुखणं हा घरोघरचा विषय आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेली आमची माणसं इथल्या पॉवरलूमवर लागली ती उभं राहण्याच्याच कामाला. बारा तासांची पाळी, खाली सिमेंटची जमीन, दोन्ही बाजूंना खडखडणारे माग. तार तुटली की जोडायची, बॉबिन संपली की बदलायची. बसायचं ते जेवणापुरतं. माझे आप्पाही अमळनेर तालुक्यातून येऊन असेच मागावर लागले.

चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायांतलं रक्त वर ढकलतात. माणूस एकाच जागी उभा राहिला की हे काम मंदावतं, रक्त शिरांत साचतं, घोट्याशी सूज येते. आप्पा रातपाळी करून सकाळी घरी आले की पायांवर पाणी घेत, पोटभर खात आणि पथारीवर आडवे होऊन म्हणत, “माय, पाय चोळी दे व.” मग मी काशाची वाटी काढायची.

तळपायाला बोटभर तूप लावायचं आणि वाटीची पालथी बाजू टाचेपासून बोटांकडे गोल गोल फिरवायची. टाचेच्या भेगांवर वाटी खरखरायची, पायाच्या खोलगट भागात अलगद बसायची. हळूहळू तूप करडं, मग काळं व्हायचं. आई म्हणे, अंगातली उष्णता बाहेर पडली. काशात तांबं आणि कथील असतं. तूप आणि घाम तांब्याला लागून तो काळा लेप तयार होतो, हे मला पुढे कळलं. पण आप्पांचा श्वास संथ होत जायचा आणि दुसरा पाय संपायच्या आत त्यांना झोप लागायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाचे गुण सांगताना पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा जातो असं म्हटलंय. मागावरच्या माणसाची तक्रार हीच तर असते.

पुढे मी इथल्याच मराठी शाळेत शिकवू लागले आणि फळ्यापुढे उभं राहून माझीही टाच धरली. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा रुतल्यासारखी कळ यायची. डॉक्टरांनी पोटऱ्या ताणायचे व्यायाम दिले, मऊ तळव्याची चप्पल घ्यायला सांगितली. सोबतच्या एका बाई मला पायांची रिफ्लेक्सॉलॉजी करणाऱ्या ताईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी कोमट पाण्यात पाय बुडवायला सांगितले, कोरडे केले आणि अंगठ्याने तळपायाचा एकेक बिंदू दाबत गेल्या. अंगठ्याच्या टोकाशी डोकं, मधल्या भागात पोट, टाचेकडे कंबर असा नकाशा भिंतीवर होता. चवड्याखालच्या एका जागी दाब पडला तेव्हा मी कळवळले. त्यांनी तिथंच अंगठा धरून ठेवला, मला सावकाश श्वास सोडायला लावला आणि कळ विरत गेली. उठले तेव्हा पाय हलके होते. त्या रात्री गाढ झोप लागली.

कुतूहल म्हणून मी या पद्धतीबद्दल वाचत गेले. अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे उभे दहा पट्टे कल्पून 1917 साली त्यावर पुस्तक काढलं. युनिस इंगहॅम यांनी ती कल्पना तळपायावर उतरवली आणि 1938 साली आपलं पुस्तक लिहिलं. तळव्यावरच्या बिंदूवरून यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार ओळखता येतो, याला पुरावा नाही. मात्र मन शांत होणं, ताण उतरणं, झोप येणं हा अनुभव अनेकांना येतो. माझ्या मते एवढा लाभ पुरेसा मोठा आहे. थकलेल्या माणसाला विसावा मिळावा, यासाठी त्याला आजार बरा करण्याचं आश्वासन देण्याची गरज नाही.

आता गल्लीतल्या दुकानात काशाची थाळी फिरणारं मशीन आलंय. खुर्चीत बसून त्यावर पाय ठेवायचे, खालून थाळी फिरते. बरं वाटतं. तरी घरी मी वाटीच काढते, कारण दुखरी जागा हाताला कळते आणि तिथं दाब कमी करता येतो. काही पथ्यं मात्र मी कसोशीने पाळते. मधुमेह असलेल्याच्या पायाला संवेदना कमी असते, म्हणून गरम पाणी आणि जोराचा दाब टाळते, आधी बोटांच्या बेचक्यांत जखम आहे का बघते. फुगलेल्या शिरांवर वाटी दाबत नाही. एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, पोटरी दुखू लागली तर चोळायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचा. आत रक्ताची गुठळी असू शकते.

पालकसभेला येणारे कितीतरी बाप रातपाळी करून तसेच आलेले असतात. मी त्यांना आधी बाकावर बसवते, मगच मुलाच्या अभ्यासाचं काढते. मुलांना सांगते, घरी गेल्यावर आई-बापाचे पाय थोडा वेळ चोळून द्या. आणि ज्यांची स्वतःची खाती, म्हणजे मागांचे कारखाने, आहेत त्या पालकांना तितक्याच स्पष्टपणे सांगते की मागांच्या रांगेत दोन स्टुलं ठेवा, पायांखाली रबराची चटई टाका, पाळीत मध्ये बसायला वेळ द्या. घरातल्या मायेच्या हातांनी दिवसाचा शीण उतरतो. पण तो शीण कमी करणं ही खात्याची जबाबदारी आहे, आणि उधन्याने ती आता उचलायला हवी.