पेडण्याच्या घराचे उंबरठे

दोन वर्षांपूर्वी आत्या आमच्या इंदूरच्या घरी न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. पडण्यापेक्षाही वाईट गोष्ट पुढे घडली. न्हाणीघराचे दार आत उघडणारे होते आणि ती नेमकी दाराला टेकून पडली होती. बाहेरून ढकलावे तर दार तिच्याच अंगावर जाणार! शेवटी बिजागऱ्या उखडून दार काढावे लागले. त्यात पाऊण तास गेला. त्या घराचा नकाशा माझाच होता. चौतीस वर्षे इमारतींचे नकाशे काढण्यात आणि तपासण्यात घालविलेल्या माणसाने स्वतःच्या घरात ते दार बाहेर उघडणारे करू नये, याचे शल्य अद्यापि गेलेले नाही.

शस्त्रक्रियेनंतर आत्या वॉकर धरून चालू लागली; लांबच्या पल्ल्यासाठी चाकांची खुर्ची आली. वय अठ्ठ्याहत्तर. तिची एकच इच्छा उरली होती: पेडण्याचे माहेर एकदा डोळे भरून पाहावे. कोजागिरीला भगवतीच्या देवळाशी भरणारी पेडण्याची पुनव तिला पुन्हा पाहावयाची होती. परंतु त्या गर्दीत खुर्ची नेणे अशक्य, म्हणून दिवाळी उलटल्यावर आम्ही निघालो.

पूर्वी पेडण्याला जाणे म्हणजे दोन दिवसांचा प्रपंच असे. आता मोप्याच्या पठारावरचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडणे तालुक्यातच आहे. 2023 च्या जानेवारीपासून तेथून वाहतूक सुरू झाली. विमानाच्या दारापासून मोटारीच्या दारापर्यंत आत्याला एकही पायरी लागली नाही. खुर्ची गुळगुळीत जमिनीवरून सरकत गेली, रुंद दारे आपोआप उघडली, आणि आत्या एखाद्या संस्थानिकाच्या थाटात बाहेर आली. पठार उतरून, काजूंच्या बागांतून अर्ध्या तासाच्या आत आम्ही घरासमोर उभे राहिलो. शेकडो मैल बिनबोभाट पार पडले होते. अडला तो शेवटचा पंधरा हातांचा प्रवास.

आमचे घर काही देशप्रभूंच्या वाड्यासारखे भव्य नव्हे. चिऱ्याच्या भिंती, मंगळोरी कौले, पुढे ओटी, मध्ये राजांगण, मागे परस, असे मध्यम स्थितीतल्या कुटुंबाचे घर. अंगणातून ओटीवर चढावयास पाच पायऱ्या. मग पाच इंच उंचीचा मुख्य उंबरठा. दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, आणि शेजारच्या तीन तरुणांनी आत्याला खुर्चीसकट उचलले आणि पायऱ्या चढून आत नेऊन ठेवले. त्यांचा भाव अत्यंत प्रेमाचा होता. पण आत्याचा चेहरा उतरला. सगळे पांगल्यावर ती मला हळूच म्हणाली, ‘‘चौघांच्या खांद्यावरून घरात यायचे नसते रे, घरातून जायचे असते.’’

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून टेप काढली आणि घर मोजावयास बसलो. ओटीपासून न्हाणीघरापर्यंत नऊ उंबरठे भरले. मुख्य दाराची मोकळी रुंदी अठ्ठावीस इंच. आत्याची खुर्ची साडेपंचवीस. चालविणाऱ्याच्या बोटांची साले निघावीत इतकीच फट. न्हाणीघराचे दार तर बावीस इंचांचेच. आजच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे दाराला 900 मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट, मोकळी वाट असावी लागते आणि खुर्ची वळविण्यास पाच फूट व्यासाची जागा.

असे असले तरी आमच्या पूर्वजांना वेड्यात काढण्याचे कारण नाही. कोकणपट्टीतल्या धुवांधार पावसात जोते उंच नसेल तर आषाढात घरात पाणी शिरेल. उंबरठा पाण्याला, विंचूकाट्याला आणि सापाला अडवितो. शिवाय त्या घरात एके काळी पंचवीस माणसे नांदत होती. म्हाताऱ्यांना हात द्यावयास कोणी ना कोणी सदैव जवळ असे. आज त्याच घरात दादा आणि वहिनी अशी दोनच माणसे आहेत, आणि दोघांनीही साठी ओलांडली आहे. पायऱ्या तेवढ्याच राहिल्या, हात मात्र कमी झाले.

आणि याच घराने आत्याला एक सुखही दिले. राजांगणाभोवतीची पडवी चारी बाजूंनी एका पातळीत आहे. दर चार पावलांवर लाकडी खांब, हाताला सहज सापडणारा. जमीन लाल कोब्याची, ओल्या पायालाही न घसरणारी. आकाशातून उतरलेला उजेड सगळीकडे सारखा पसरतो. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दिपवीत नाही. दुपारी पाहतो तो आत्या वॉकर सोडून, एका खांबावरून दुसऱ्या खांबावर हात टाकीत, एकटीच राजांगणाला प्रदक्षिणा घालीत होती! लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना हेच खांब मोजून ती पळत असे म्हणे. इंदूरला माझ्या घरात तिने असे एकटीने फिरण्याचे धाडस कधी केले नव्हते.

तिसऱ्या दिवशी भगवतीला गेलो. देवळासमोरचे ते दोन काळ्या पाषाणाचे प्रचंड हत्ती आत्याला मुलीच्या वयात जेवढे मोठे वाटले होते तेवढेच खुर्चीत बसूनही वाटले. उभ्या माणसाला ते तेवढे मोठे दिसत नाहीत. दर्शनाला तिला पुन्हा हात धरून, अर्धवट उचलूनच न्यावे लागले. पुढे डिचोली तालुक्यात हरवळ्याला गेलो. रुद्रेश्वराजवळचा धबधबा पाहावयास पायऱ्या उतराव्या लागतात. आत्याने तो वरूनच ऐकला. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचेही दर्शन घडले. 1668 साली शिवाजीमहाराजांनी ज्याचा जीर्णोद्धार केला आणि 2023 साली ज्याचे पुन्हा नूतनीकरण झाले, ते हे देऊळ. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल नव्या काबिजादीतले, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेलेले. जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात झाली तशी देवळांची मोडतोड येथे तोवर थांबली होती. म्हणूनच एवढी जुनी घरे आणि देवळे या बाजूला पाहावयास मिळतात, आणि तेवढेच जुने उंबरठेही.

डिचोलीला मुक्काम एका भाचीच्या नव्या बंगल्यात. नव्या घरात सोय असेल अशी माझी भोळी समजूत! दिवाणखाना शोभेसाठी दोन पायऱ्या खाली, जेवणघर एक पायरी वर. फरशी आरशासारखी चकचकीत, पाण्याचा थेंब सांडला तर दिसतही नाही. न्हाणीघर चार इंच उंच आणि त्याचे दार, अर्थात, आत उघडणारे. पेडण्याच्या घराच्या प्रत्येक अडचणीला पावसाचे किंवा सापाचे तरी कारण होते. या घराच्या अडचणींना केवळ हौस हे एकच कारण. आत्या त्या रात्री पाणीच प्यायली नाही, रात्री उठावे लागू नये म्हणून. कितीतरी वृद्ध स्त्रिया अशा तहानलेल्या निजत असतील. घराचा नकाशा काढणाऱ्याला ते कधी कळत नाही. मलाही कळले नव्हते.

या विषयाचे शास्त्र आता चांगले विकसित झाले आहे. रोनाल्ड मेस नावाचा अमेरिकन वास्तुविशारद लहानपणी पोलिओ झाल्याने स्वतः चाकांच्या खुर्चीत वावरत असे. अपंगांसाठी निराळी सोय करण्याऐवजी मुळातच सर्वांना वापरता येईल अशी वास्तू रचावी, हा विचार त्याने रूढ केला; 1997 साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची सात तत्त्वे मांडली. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून 2011 साली भारतीय तत्त्वे पुढे आली. ती लक्षात ठेवावयास सोपी, कारण पाचही ‘स’ने सुरू होतात: समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता आणि सुंदर. 2016 साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची काही मानके केवळ शिफारस न ठेवता बंधनकारक करण्यास सरकारला सांगितले. गोव्यात तर 2023 च्या जानेवारीपासून दिव्यांगांचा ‘पर्पल फेस्ट’ पणजीत भरू लागला. हे सर्व सार्वजनिक जागांपुरते. राहत्या घराच्या उंबरठ्यापाशी कायदा थबकतो, आणि माणूस पडतो तो बहुधा घरातच.

पेडण्याला परतल्यावर मी दादापुढे विषय काढला. दादाने चटकन तोड सुचविली. परसातून गोठ्याकडे जुनी उतरण आहे, गुरांसाठी आणि भाताच्या गोणींसाठी बांधलेली. तेथून खुर्ची सहज आत येईल! मी जाऊन पाहिले; खरेच, उतार मोठा सुबक होता. गुरांसाठी जे सुचले ते माणसांसाठी का सुचले नसावे, याचा विचार करीत उभा होतो, तोच आत्या म्हणाली, ‘‘माहेरवाशिणीने मागच्या दाराने यायचे होय?’’ दादा खजील झाला. मेस आणि मंडळींचे पहिलेच तत्त्व ते आहे. आत्याने ते न वाचता सांगितले. वस्तुतः याच घराच्या मागच्या दाराचा इतिहास काही गौरवाचा नाही. एके काळी अमुक जातीच्या माणसाने अंगणाच्या पुढे येऊ नये, विटाळशीने मागे बसावे, असे हेच उंबरठे सांगत होते. जुनी घरे सर्वांना सामावून घेत, असे आपण मोठ्या कौतुकाने लिहितो. त्या ‘सर्वां’त कोण कोण होते, हे एकदा मोजावयास हवे.

मग पुढच्या बाजूचे गणित मांडले. पाच पायऱ्यांची उंची तीस इंच. एक इंच चढायला बारा इंच लांबी हा नियम. म्हणजे तीस फुटांची उतरण. अंगण दाराशी सरळ रेषेत बावीसच फूट. तेव्हा उतरण काटकोनात वळवावी, मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवावा, दोन्ही बाजूंना कठडा, आणि तुळशीवृंदावन जेथे आहे तेथेच राहावे, असे ठरले. चिरा गावचाच, गवंडीही गावचा. दादाला घराची शोभा जाईल अशी धास्ती होती. पण जोत्याला लागून त्याच चिऱ्याचे बांधकाम परके दिसत नाही, हे खडूने आखून दाखविल्यावर तो राजी झाला.

वहिनी मात्र मुख्य उंबरठ्यावर अडून बसल्या. ‘‘भावोजी, अंगणात हवे ते करा. लक्ष्मीच्या उंबरठ्याला करवत लागणार नाही.’’ मला प्रथम राग आला. नंतर वाटले, ‘सांस्कृतिक’ हा ‘स’ काय उगीच घातला आहे? सुताराला बोलावून दोन उतरत्या फळ्या करविल्या, ओटीकडे एक, आत एक, प्रत्येकी पाच फूट. रात्री दार लावताना आतली फळी उचलावी. शुक्रवारी दोन्ही काढून उंबरठ्याची पूजा करावी. न्हाणीघराची चौकट काढून दार रुंद केले आणि बाहेर उघडणारे बसविले. ते बसविताना मी स्वतः सुताराजवळ उभा होतो. भिंतीत पक्का दांडाही ठोकला, आत्याचा हात जेथे आपोआप जातो त्या उंचीवर. ती उंची पुस्तकात पाहिली नाही. तिलाच उभे करून खूण केली.

मी निघालो त्या दिवशी उतरणीचा पहिला टप्पा पुरा झाला होता. सकाळी गवंड्याने सिमेंटची हातगाडी त्यावरून वर नेली. थोड्या वेळाने वहिनी कपडे वाळत घालावयास बाहेर आल्या. क्षणभर पायऱ्यांपाशी थांबून त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, आणि कोणी पाहत नाही असे समजून टप्प्यावरून, कठड्याच्या बाजूने, बादली घेऊन खाली उतरल्या. त्यांचा गुडघा दुखतो हे दादालाही तेव्हाच कळले.

दुसऱ्या टप्प्याचे चिरे यावयाचे होते. ते लागून आपण स्वतः खाली-वर केल्याशिवाय येथून हलणार नाही, असे आत्याने सांगून टाकले. तिचे परतीचे तिकीट रद्द करून मी एकटाच मोप्याला निघालो.