नोकरीच्या शोधाची टिपणं: भोसरी ते चाकण

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातलं कुणी पोरगं नोकरीचं विचारायला आलं, की मी आधी एकच विचारतो: तुझ्या हातचा पार्ट गाडीत कुठे बसतो? बऱ्याच जणांना हे सांगता येत नाही. पार्ट नंबर पाठ असतो, मशीनचं नाव पाठ असतं. पण तो पार्ट पुढे कुठल्या असेंब्लीत जातो, याची चौकशी कधी केलेली नसते. आज शोधाची सुरुवात नेमकी तिथूनच करावी लागते.

कारण उघड आहे. पिस्टन, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, सायलेन्सर, इंजेक्टर यांवर या पट्ट्यातली कितीतरी वर्कशॉप उभी राहिली. विजेच्या गाडीत यातलं काही लागत नाही. तिथे बॅटरी पॅक, मोटर, कंट्रोलर आणि जाडजूड वायरिंग हार्नेस. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीट, बॉडीचं शीट मेटल मात्र दोन्हीकडे सारखंच लागतं. म्हणजे एकाच शेडमध्ये शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन ऑपरेटरांपैकी एकाने आत्ताच हालचाल करायला हवी, आणि दुसऱ्याला तेवढी घाई नाही.

*

गिअरचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. विजेच्या गाडीत पाच-सहा गिअरांचा बॉक्स नसतो, हे खरं. पण मोटर फार वेगाने फिरते, तो वेग चाकाला झेपेल इतका खाली आणायला गिअर लागतोच. आणि इंजिनाची घरघर नसल्यामुळे त्या गिअरचा बारीक आवाजही केबिनमध्ये ऐकू येतो. म्हणून त्याचे दात अधिक अचूक ग्राइंड करावे लागतात. गिअर ग्राइंडिंग मन लावून शिकलेल्या माणसाची किंमत अशा ठिकाणी वाढते. 'आपलं काम संपलं' आणि 'आपलं काम सरकलं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो बातम्यांचे मथळे वाचून कळत नाही. पार्ट हातात घेऊन विचार केला तरच कळतो.

*

तळेगावच्या कारखान्यात जनरल मोटर्सने २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबवलं. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो विकत घेण्याचा करार केला. असा कारखाना हात बदलतो तेव्हा सगळ्यांचे डोळे त्याच्या गेटकडे लागतात. माझ्या मते डोळे सप्लायरकडे हवेत. नवं मॉडेल रस्त्यावर येण्याच्या कितीतरी आधी डाय बनतात, फिक्स्चर बनतात, सॅम्पल पार्ट पास करून घ्यावे लागतात, पार्टच्या मंजुरीच्या, म्हणजे पीपॅपच्या, फायली तयार होतात. ही कामं सप्लायरच्या टूलरूममध्ये आणि क्वालिटी विभागात होतात. माणसं तिथे आधी लागतात, आणि त्यांची जाहिरात क्वचितच येते.

*

बायोडेटा. एका डिप्लोमावाल्या मुलाच्या कागदावर चार वर्षांच्या कामाची एकच ओळ होती: 'क्वालिटी विभागात इन्स्पेक्टर म्हणून काम पाहिले.' त्याच्यासमोर बसून विचारत गेलो. काय मोजायचास? क्रँकशाफ्टच्या जर्नलचा व्यास. कशाने? मायक्रोमीटर आणि एअर गेजने. सीएमएमवर हात बसलाय? तयार प्रोग्राम चालवतो, रिपोर्ट वाचतो, नवा प्रोग्राम लिहीत नाही. कस्टमरची तक्रार आली तर? एट-डी रिपोर्ट मीच भरतो, साहेब सही करतात. ऑडिटला कोण उभं राहतं? मीच.

हे सगळं त्या एका ओळीखाली गाडलं गेलं होतं. ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्याला, मेडिकल इम्प्लांट बनवणाऱ्याला, संरक्षण खात्यासाठी काम करणाऱ्यालाही असाच माणूस हवा असतो. पण बायोडेटा आधी सॉफ्टवेअर चाळतं किंवा एचआरमधलं कुणी घाईत चाळतं, आणि दोघंही ठरावीक शब्द शोधतात. 'सीएमएम', 'एट-डी', 'एअर गेज' हे शब्द कागदावर नसतील, तर तुम्हाला ते येतं हे कुणाला कळणार? जे खरोखर येतं तेवढंच लिहायचं. पण ते सगळं लिहायचं, आणि कंपनीच्या जाहिरातीत जो शब्द आहे त्याच शब्दात लिहायचं. दोन रकाने, रंगीत पट्ट्या, फोटोची चौकट हे सगळं काढून टाकावं. सॉफ्टवेअर त्यात अडखळतं.

*

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारा असं सांगणारे जेमतेम सहांत एक निघाले. बाकीच्यांना नोकरी कधीतरी भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या ठिकाणी वावरतो, म्हणून त्याच्याकडे नवी खबर असते.

आपल्याकडे हे कंपनीच्या बस थांब्यावर दिसतं. पहिल्या शिफ्टच्या बसची वाट बघत निरनिराळ्या कंपन्यांची माणसं एकाच चौकात उभी असतात. कुठे तिसरी शिफ्ट चालू झाली, कुठे ओव्हरटाइम बंद पडला, कुठल्या कंपनीची बस अर्धी रिकामी जाते, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. तिसरी शिफ्ट सुरू होणं म्हणजे ऑपरेटर, इन्स्पेक्टर, मेंटेनन्सवाला, स्टोअरवाला अशी सगळीच भरती. मी पोरांना सांगतो, घरी बसून मोबाइलवर शंभर ठिकाणी अर्ज टाकण्याआधी जुन्या लाइनवरच्या, आयटीआयच्या बॅचमधल्या, गावाकडून आलेल्या माणसांची यादी कर आणि फोन लाव. 'नोकरी लावून दे' म्हणू नकोस; समोरचा संकोचतो. 'तुमच्याकडे सध्या कुठल्या मशीनवर माणसं कमी पडतायत?' असं विचार. उत्तर मिळतं.

*

वही हवी. कंपनीचं नाव, तिथे काय बनतं, कुणाशी बोललो, कधी, पुढचा फोन कधी. तेवढं पुरे.

*

काळवेळही बघावी. पगारवाढीची पत्रं एप्रिल-मेच्या सुमाराला हातात पडतात, आणि नाराज झालेली माणसं त्यानंतर जागा सोडतात. गणपती-दिवाळीच्या मागणीसाठी गाड्यांच्या कंपन्या पावसाळ्यातच माणसं वाढवतात, बहुतेक कंत्राटावर. हिंजवडीच्या आयटीवाल्यांची तऱ्हा निराळी. तिथे नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास असतो, म्हणून बोलणी तीन महिने आधीपासून धरावी लागतात.

*

अप्रेंटिसशिपला नाक मुरडणाऱ्यांशी मी वाद घालतो. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, आणि या पट्ट्यातले कितीतरी आजचे सुपरवायझर त्याच दारातून आत आले. राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना असं विद्यावेतन ठरलं. एवढ्यात चाकणला खोली घेऊन राहणं कठीण, हे मी नाकारत नाही. पण ठरवताना रकमेपेक्षा एक गोष्ट विचारावी: मला कुठल्या मशीनवर उभं करणार? नुसतं पॅकिंगला बसवणार असतील तर दुसरं बघावं.

*

कंत्राटाची नोकरी घेताना पगार कोण देणार, हे कागदावर बघायचं. आत कंपनीचा युनिफॉर्म, आणि पगार तिसऱ्याच कंत्राटदाराचा, असं पुष्कळ ठिकाणी असतं. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. नेमणूकपत्र प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे, आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. हे मागायला लाजू नये. पीएफचा यूएएन एकच ठेवावा आणि पासबुक दर महिन्याला उघडून पाहावं. पुढच्या नोकरीत अनुभवाचा तोच पुरावा असतो. कंत्राटदार गायब झाला तरी पासबुकातली नोंद राहते.

*

इंटरव्ह्यूसाठी, युनिफॉर्मसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबायचं. पैसे गेले असतील तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. यात फसणारी मुलं मूर्ख नसतात. घरी हप्ता थकलेला असतो, आणि समोरचा गोड बोलतो. मला त्यांचा राग येत नाही, फसवणाऱ्यांचा येतो.

*

घरच्यांना खरं सांगावं. नोकरी गेलेली असताना रोज डबा घेऊन बाहेर पडणारी माणसं मी पाहिलीत. खर्च किती महिने निघेल याचा हिशेब नवरा-बायकोने एकत्र बसून केला, की पहिली मिळेल ती नोकरी पकडायची का थोडं थांबायचं, हे शांतपणे ठरवता येतं.

*

भोसरीतल्या लहान कंपन्यांत इंटरव्ह्यूला अजूनही हातात ड्रॉइंग देतात. घाईने मापांकडे धावू नये. आधी टायटल ब्लॉक वाचावा: मटेरियल, जनरल टॉलरन्स, रिव्हिजन नंबर. जुन्या रिव्हिजनवर पार्ट काढला तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो. टेबलापलीकडच्या माणसाने असा लॉट कधीतरी भंगारात घातलेला असतो, आणि रिव्हिजन नंबरावर बोट ठेवून 'हीच लेटेस्ट का?' असं विचारणारा उमेदवार त्याच्या बरोबर लक्षात राहतो.