वांग आणि ऊन

पाचवा दिवस. हनुवटीजवळची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलीय. हात सारखा तिकडं जातो, पण ओढायची नाही; ओढली की नवा काळा डाग उठतो. बार्शीला डॉक्टरांनी वांगावर ग्लायकोलिक आम्ल लावलं, 3 मिनिटं, मग सोड्याच्या पाण्यानं शमवलं. हे आम्ल उसात असतं आणि त्याचं भावंड, लॅक्टिक, आंबलेल्या दुधात. आई तोंडाला दही लावायची ते उगाच नव्हतं. पण वांग वाढतो उन्हानं, आमच्या ईट गावाकडच्या खव्याच्या भट्ट्यांच्या धगीनंही. म्हणून सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी, वर पदराची सावली. जाऊबाई मेडिकलमधलं गोरं करणारं मलम वर्षभर लावतायत, त्यात स्टेरॉइड आहे. पुढच्या खेपेला त्यांना ट्यूबसकट डॉक्टरांकडं बरोबर नेणार आहे.