केंदूर: गोठा, गेज आणि गिअरबॉक्स

वीकेंडच्या लिस्टमध्ये केंदूर सापडायचं नाही. लोणावळा, मुळशी, पानशेत, फार तर भीमाशंकर. आपली झेप तिथेच संपते. शिरूर तालुक्यातलं हे गाव पुण्यापासून साधारण ५० किलोमीटरवर आहे, आणि खराडीत नोकरी करणाऱ्यांना त्यातला बराच रस्ता पाठ असतो. वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी अशी स्टेशनं घेत, ट्रॅफिकला शिव्या घालत शिक्रापूर गाठायचं आणि तिथून पाबळच्या दिशेनं आत वळायचं. हळूहळू कंटेनर आणि गोडाऊनं मागे पडतात, कांदा-बाजरीची रानं सुरू होतात. पट्टा पावसाच्या बाबतीत तसा कमनशिबीच. त्यामुळे शेती पावसाच्या मर्जीवर आणि घरखर्च बराचसा दुधावर. हा दुधाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वारकऱ्यांना मात्र केंदूर वेगळ्याच कारणानं माहीत असतं. ज्ञानेश्वरांच्या काळातले मानले जाणारे संत कान्हूराज पाठक इथले. आम्हीही आधी देवळात जाऊन आलो. बाहेर पारावर बसलेल्या आजोबांनी आमची विचारपूस केली आणि मग सरळ मुद्द्याला हात घातला : "गाडी अशी गचके का देतीय, पोरींनो?"

गाडी म्हणजे मैत्रिणीच्या बाबांची १९८३ ची मर्सिडीज ३०० डी. जुन्या गाड्यांच्या दुनियेत या मॉडेलला डब्ल्यू १२३ म्हणतात. १९७६ पासून दहा वर्षांत या गाड्या जवळजवळ २७ लाख बनल्या. पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन, चार गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि सोफ्यासारख्या सीट्स. पिकअप विचारू नका. या गाडीत बसल्यावर घाई करणं हेच मुळात असभ्य वाटतं.

फक्त गेले काही महिने ती गिअर बदलताना मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी धक्का द्यायची. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तर हातातला चहा मांडीवर. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्यानं बघून सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आकडा ऐकून बाबा गप्प झाले. ५० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गाडी व्हिंटेज ठरत नाही, हा केंद्राचा २०२१ चा नियम. म्हणजे ही बिचारी ना नवी, ना व्हिंटेज. एकानं ती सुट्या पार्टसाठी मागितली होती आणि सोमवारी तो न्यायला येणार होता. मैत्रिणीला शेवटचं एकदा मावशीकडे गाडी घेऊन जायचं होतं. मी सोबतीला.

आता थोडं गिअरबॉक्सबद्दल. कंटाळू नका, ऑफिसमधल्या ॲप्रेझलइतकं अवघड नाही. ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलताना आतले क्लच आणि पट्टे तेलाच्या दाबानं आवळले जातात. तुम्ही निवांत चालवत असाल तर ते हळुवार आवळले जायला हवेत. ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवला असेल तर घट्ट, नाहीतर ते घसरतील आणि जळतील. तुमच्या पायाचा मूड गिअरबॉक्सला कळायला हवा. आजच्या गाडीत ते काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. या जुन्या गाडीत ते हवेच्या पोकळीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतं. इंजिनवरचा पंप नळ्यांमधली हवा ओढतो. पाय हलका असेल तर गिअरबॉक्सकडे भरपूर व्हॅक्यूम जातो : 'सावकाश घे.' पाय दाबला की व्हॅक्यूम शून्याकडे : 'घट्ट पकड.' मग नळीत कुठे गळती असेल तर काय होईल? गिअरबॉक्सला वाटतं, बाई कायम फुल स्पीडमध्येच आहेत. तो दर वेळी खाडकन गिअर टाकतो.

हे ज्ञान आम्हाला सकाळी नव्हतं. ते आलं मावशींच्या गोठ्यातून.

मावशींचा मुलगा, आमचा दादा, दहा-बारा गाई सांभाळतो. ऑटोमॅटिक गाडी त्यानं आयुष्यात चालवलेली नाही. पण गाडी अंगणात लागल्यावर त्याचं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. मैत्रिणीनं चावी फिरवून काढून घेतली, तरी इंजिन सात-आठ सेकंद धडधडत राहिलं आणि मगच विझलं.

"अगं, चावी काढली की हे बंद कसं होतं? ट्रॅक्टरला तर दांडा ओढावा लागतो."

प्रश्न अगदी बरोबर होता. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. डिझेल तोडल्याशिवाय ते थांबत नाही. बाबांनी जपून ठेवलेलं जाड मॅन्युअल डिकीत होतं. चहा होईपर्यंत उत्तर सापडलं : या गाडीत इंजिन बंद करायचं कामही व्हॅक्यूमच करतो. चावी फिरवली की व्हॅक्यूम डिझेल पंपावरचा पडदा ओढतो आणि डिझेल बंद. तो कमी पडला तर इंजिनवर 'स्टॉप' लिहिलेला दांडा आहे, तो हातानं दाबायचा. तो बघून दादा खूष झाला. "म्हणजे ट्रॅक्टरच की!"

आणि मग तो जे बोलला ते मी मोबाईलमध्ये लिहून ठेवलंय. "व्हॅक्यूम गळत असंल तर आपल्याकडं मीटर हाय."

दूध काढायचं मशीन व्हॅक्यूमवरच चालतं. सडांना लावलेल्या रबरी लायनरमध्ये पोकळी तयार होते आणि दूध ओढलं जातं. काटा पावणेचारशेच्या आसपास, म्हणजे पाऱ्याच्या ३७५ मिलिमीटरला लागतो. व्हॅक्यूम पडला की कप गळून पडतात, दूध कासेत राहतं आणि गाईला दगडी होऊ शकते. त्यामुळे गळती शोधणं हा दादाचा दिवसातून दोनदाचा धंदा. नळीला कान लावायचा, बोटानं चिमटा घ्यायचा, काट्याकडे बघायचं. त्यानं मशीनवरचं गेज काढलं, सोबत नळीचा तुकडा आणि एक टी घेतला आणि बॉनेट उघडलं.

आधी गिअरबॉक्सचं तेल. ते थंड गाडीत बघून चालत नाही; गाडी तापलेली, इंजिन चालू आणि लिव्हर 'पी'वर हवा. लेव्हल बरोबर होती, रंग लाल होता, जळका वास नव्हता. काळं आणि करपलेलं निघालं असतं तर गॅरेजवाल्याचं म्हणणं मान्य करून आम्ही पिठलं-भाकरी खायला बसलो असतो.

मग पंपाच्या नळीला गेज लावलं. काटा २८० वर जाऊन लटपटला. दादानं मान हलवली. मॅन्युअलमधला आकृतीचा कागद मी धरून उभी, आणि तो एकेक फांदी चिमट्यानं बंद करत निघाला. ब्रेकच्या बूस्टरची नळी, काही फरक नाही. (हाच पंप ब्रेकला मदत करतो, हे कळल्यावर आम्ही दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिलो. जुन्या डिझेल गाडीचा ब्रेक पेडल अचानक दगडासारखा लागायला लागला तर गिअरबिअर विसरा, आधी गाडी उभी करा.) गिअरबॉक्सकडे जाणारी नळी, फरक नाही. शेवटी आत केबिनकडे जाणारी एक बारीक नळी दाबली आणि काटा सरसरत ५२० वर गेला.

ती नळी कशाची? सेंट्रल लॉकिंगची! चारही दारांची कुलपं या गाडीत व्हॅक्यूमनं वरखाली होतात. मागचं डावं दार गेलं वर्षभर लॉक होत नव्हतं आणि घरातल्या प्रत्येकानं ते हातानं दाबायची सवय लावून घेतली होती. दाराचं आतलं कव्हर काढलं, कान लावला, तर आतून बारीक सूऽऽ. आतल्या डब्याचा रबरी पडदा चिरला होता. त्यात कुणाचा दोष नाही, चाळीस वर्षांचं रबर आहे. धक्के गिअरबॉक्स देत होता आणि दुखणं मागच्या दाराला होतं!

दादानं त्या दाराकडची नळी वेगळी काढली, त्यात मापाचा बोल्ट घट्ट बसवला आणि इंजिन चालू केलं. मैत्रिणीनं चावी फिरवली. इंजिन जागच्या जागी गप्प. मावशी दारातून म्हणाल्या, "झालं का? मग जेवून घ्या."

जेवणानंतर ट्रायलला पाबळ. गेज आता गिअरबॉक्सच्या नळीवर होतं. नळी बॉनेटच्या फटीतून काढून खिडकीतून आत घेतली होती आणि आकडे वाचणं हे माझं काम. हलक्या पायाला काटा वर, पाय दाबला की धपकन खाली, सोडला की परत वर. पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. गिअर कधी पडला ते मला फक्त इंजिनाच्या आवाजावरून कळत होतं. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना अजून किंचित टोचत होतं. नळ्यांचे रबरी सांधे सगळे एकाच वयाचे, तेव्हा ते बदलावे लागणारच. पण ते काही गिअरबॉक्स उतरवण्याइतकं नाही.

पाबळला लोक मस्तानीची समाधी बघायला जातात. साधी, शांत जागा आहे. सिनेमातला शीशमहल डोक्यात घेऊन गेलात तर निराशा होईल. मला तिथलं खरं आकर्षण वाटतं ते विज्ञान आश्रमाचं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून इथे आले आणि १९८३ मध्ये त्यांनी तो सुरू केला. शाळेत न रमणाऱ्या मुलांनी वेल्डिंग, शेती, वायरिंग हातानं करत शिकायचं, ही कल्पना. अमेरिकेतल्या एमआयटीनं २००२ मध्ये फॅब लॅबच्या सुरुवातीच्या प्रयोगांसाठी याच गावाची निवड केली. तिथे हाती घेतलेल्या कामांमध्ये डिझेल इंजिनांचं टायमिंग मोजायचं स्वस्त साधनही होतं. म्हणजे न दिसणारी गोष्ट मोजून बघायची या भागाला सवय जुनीच म्हणायची. दादा म्हणाला, "आमच्याकडं मेकॅनिक लांब ऱ्हातो ना, ताई. मोजल्याबिगर त्याला बोलवणं परवडत नाय."

पाबळमधूनच मैत्रिणीनं बाबांना फोन लावला. बराच वेळ ती व्हॅक्यूम, दार, बोल्ट असं काहीतरी समजावत होती. मग फोन माझ्याकडे दिला. बाबांनी मला एकच विचारलं, "चावी काढल्यावर लगेच बंद होते?" मी म्हटलं, लगेच. "बरं. मी त्या माणसाला कळवतो."

परत येताना दादा सारखा घड्याळाकडे बघत होता. गाडी अंगणात लागली तेव्हा पाच वाजत आले होते आणि गोठ्यात वासरांनी आरडाओरडा सुरू केला होता. त्यानं खिडकीतून नळी ओढून घेतली, गेज पुसलं, मशीनवर चढवलं आणि बटण दाबलं. काटा पावणेचारशेवर जाऊन थांबला.