वाऱ्याने ठरवलेलं अंतर

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचा सगळ्यांत जवळचा रस्ता भिंतीवरच्या नकाशात सापडत नाही. त्यासाठी पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. दोरा उत्तरेला चढतो, हिमालय आणि सायबेरिया ओलांडून आर्क्टिकला शिवतो आणि अलास्कावरून खाली येतो. साधारण १२,४०० किलोमीटर. मला हा खेळ अजूनही आवडतो. विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. तिबेटच्या पठारावर विमानातल्या हवेचा दाब कमी झाला, तर वैमानिकाला झटकन खाली यावं लागतं आणि तिथे खाली यायला जागाच नसते. म्हणून ते पठार शक्यतो टाळतात.

खरी गंमत ऑक्टोबर २०१६मध्ये झाली. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जायचं. ते पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० झालं आणि तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर पोचलं. पाठीशी वारा होता, एवढंच कारण.

हा वारा उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर ताशी दोन-तीनशे किलोमीटरनेही. जपानच्या तातेनो वेधशाळेत ओइशी वासाबुरो यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला. साऱ्या जगाला वाचता यावं म्हणून १९२६चा अहवाल त्यांनी एस्पेरांतोत लिहिला. बाहेर तो फारसा कोणी वाचला नाही. १९४४मध्ये अमेरिकन बॉम्बफेकी विमानं जपानवर त्याच वाऱ्यात सापडली, तेव्हा कुठे त्याची दखल घेतली गेली. त्या माणसाबद्दल मला फार वाटतं. त्याने शोध लपवला नव्हता, उलट सगळ्यांसमोर ठेवला होता.

असे लांबलचक तास अंगावर कसे पडतात, ते मला आमच्या सोसायटीतल्या आजींकडे पाहून कळतं. त्या दरवर्षी मुलाकडे कॅलिफोर्नियाला जातात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला असं भरून बॅग हातकाट्याला अडकवायची, तेवीस किलोच्या वर गेली की एक पुडा काढायचा आणि पुन्हा उचलायची. काढलेला पुडा पर्समध्ये जातो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. विमानात त्या दर तासा-दीड तासाने उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालून येतात, कारण एकदा गुडघे आखडले की उतरताना व्हीलचेअर लागते. तिकिटावरच्या तासांत पुण्याहून विमानतळ गाठायचे तास धरलेले नसतात, इमिग्रेशनची रांगही नसते. त्यांचा प्रवास मी तिकिटावरून कधीच मोजत नाही.

म्हणूनच हेलसिंकी-टोकियोचं माझ्या मनाला जास्त लागतं. १९८३मध्ये फिनएअरने ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत आकाश टाळून विमान उत्तर ध्रुवावरून न्यावं लागायचं. पुढे सायबेरियाचा रस्ता खुला झाला आणि प्रवास साडेनऊ तासांवर आला. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, २०२२च्या सुरुवातीला, तो रस्ता पुन्हा बंद झाला. विमानं परत ध्रुवावरून जाऊ लागली, तेरा तास लागू लागले आणि ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र प्रवाशांच्या हाती मिळू लागलं. हेलसिंकीतल्या कुणा आजीला टोकियोतल्या नातवाकडे जायचं असेल, तर तिच्या गुडघ्यांवर हे साडेतीन तास जास्तीचे पडतात. वाऱ्याने घेतलेल्या तासांची मला तक्रार नाही. या तासांची आहे.